डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला?

दहावीचा निकाल लागला की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला? ‘नीट’मध्ये भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रच विचारतात. अकरावीला गणित सोडता येतं. ते सुटलं की संमिश्र संख्यांचा धडाही सुटतो.

या धड्यात i येतो. त्याचा वर्ग उणे एक. पण उणे i चा वर्गही उणे एकच. सगळीकडे i च्या जागी उणे i लिहिला, तरी एकही बेरीज किंवा गुणाकार चुकत नाही. अशा अदलाबदलीला ऑटोमॉर्फिझम म्हणतात. वर्गात ही एकच शिकवतात, पण अशा अदलाबदली अगणित आहेत. त्यांतली एखादी दोनच्या वर्गमुळाला उणे करून टाकते. बेरीज-गुणाकार शाबूत राहतात. मात्र जवळच्या संख्या जवळ राहत नाहीत.

समीकरणाची उत्तरं मिळून एक आकृती बनते. समीकरणातल्या संख्यांवर अशी अदलाबदल केली, तर नवी आकृती मिळते. ती जुन्यासारखीच असेल? फ्रेंच गणिती झाँ-पिएर सेर यांनी १९६४ मध्ये दाखवलं, की तिची ठेवण मुळातच वेगळी निघू शकते.

अरिथमेटिक व्हरायटी ही अशाच आकृत्यांची एक खास जात. अतिशय सममित अवकाश पूर्णांकांच्या नियमांनी दुमडला की ती तयार होते. तिची व्याख्याच अंतर आणि सममितीवर उभी आहे. मग अंतरं विस्कटणाऱ्या अदलाबदलीत ती मोडायला हवी. पण मोडत नाही. नवी आकृतीही अरिथमेटिकच निघते. डेव्हिड काझदान यांनी हे सिद्ध केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले माधव नोरी आणि एम. एस. रघुनाथन यांनीही याच प्रश्नावर लेख लिहिला. मुंबईत १९८९ मध्ये झालेल्या भारत-फ्रान्स भूमिती परिषदेच्या ग्रंथात तो आहे.

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी रंग बदलला होता. उल्केनं पाडलेलं विवर मात्र होतं तसंच होतं. काय बदललं आणि काय टिकलं, हे ओळखणं हेच रोगनिदानाचंही काम आहे. ती सवय गणित लावतं.

या प्रमेयाची रुग्णालयात गरज पडत नाही, हे खरं. पण संमिश्र संख्यांची पडते. एमआरआयचं चित्र त्यांच्याच हिशोबातून उभं राहतं.

पालकांची अडचण खोटी नाही. शिकवणीची फी मोठी, अभ्यासाचा ताण मोठा, आणि चौथा विषय म्हणजे आणखी ओझं. पण ‘नीट’ देणाऱ्या बहुतेकांना सरकारी जागा मिळत नाही. तेव्हा गणित नसलेल्या मुलापुढे अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्राची बहुतेक दारं बंद असतात. जीवशास्त्रासोबत गणित ठेवता येतं. कनिष्ठ महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच हे स्पष्ट सांगावं आणि पालकांनी घाईनं नकार देऊ नये. सोळाव्या वर्षी सोडलेलं गणित पुढे परत हाती लागणं फार कठीण असतं.