आधी हिमोग्लोबिन विचारा

छातीत धडधड, चिडचिड, दुपार होईतो गळून जाणं, अर्धवट झोप. बाईनं अशी तक्रार केली की ‘टेन्शन घेऊ नकोस, थोडं ध्यान कर’ असा सल्ला हमखास मिळतो. तिचं हिमोग्लोबिन किती, हे क्वचितच कुणी विचारतं.

खरं तर तेच आधी विचारायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन बनायला लागणारं लोह फक्त रक्तासाठीच लागतं असं नाही. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या विकरांनाही ते लागतं. शिवाय रक्तातून प्राणवायू कमी पोचू लागला की हृदयाचे ठोके वाढतात आणि ही धडधड सहज मनाच्या खात्यावर टाकली जाते.

फ्रान्समधल्या दवाखान्यांत १९८ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांना रक्तक्षय नव्हता, पण शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, कमी होता आणि थकवा कशानं येतो ते कळत नव्हतं. १२ आठवडे लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. चिंता आणि नैराश्यात मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणजे लोह हे मानसिक आजारावरचं औषध नव्हे. पण थकलेल्या शरीराला रोजचा ताण पेलणं जड जातं, हेही तितकंच खरं.

लोहाबरोबर मॅग्नेशियमचाही विचार हवा. ते चेतापेशींच्या उत्तेजनेला आवर घालतं. ताणाच्या काळात ते लघवीवाटे जास्त बाहेर पडतं आणि मैदा किंवा पॉलिश केलेल्या तांदळातून ते फारसं मिळत नाही. ते देणारे बाजरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात. ते ताटातून हटता कामा नयेत.

जेवणाबरोबरचा चहा धान्य-भाजीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. तो तासभर पुढे ढकलावा, भाजीवर लिंबू पिळावं, मटकीला मोड आणावेत. पण घरातली बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवत असेल, तर या सूचना तिच्यापर्यंत पोचणारच नाहीत. कार्यालयांनीही ताणमुक्तीच्या शिबिरातच हिमोग्लोबिन आणि फेरिटिनच्या तपासणीची सोय करावी. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्याव्यात, कारण जादा लोहही अपाय करतं.