एकवार, दोनवार...

'लिलाव' हा शब्द आमच्या घरात जपून उच्चारावा लागतो. वर्तमानपत्र वाचता वाचता चुकून तो माझ्या तोंडून निघालाच, तर स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज एकदम वाढतो. वाचकहो, हा आवाज ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना अधिक काही सांगायला नको. इतरांसाठी ही दोन वर्षांपूर्वीची हकीकत.

माझा मेहुणा टर्नर आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर तो दुसऱ्यांचे जॉब करून देतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी दुपारच्या चहाला तो हमखास असतो. हात काळे, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठे. आणखी एक लेथ घ्यावा, हाताखाली एक पोरगा ठेवावा, ही त्याची कित्येक वर्षांची इच्छा. आषाढातल्या एका संध्याकाळी तो भिजत आला तो वर्तमानपत्राचे कात्रण घेऊनच. शिरोलीच्या बाजूचा एक कारखाना बंद पडला होता आणि त्याची यंत्रे लिलावात निघाली होती. 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर.

मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांकडे आधी लक्ष जाते, अर्थाकडे मागाहून. 'जसे आहे, जेथे आहे'! इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी जबाबदारी झटकून टाकणारे वाक्य मराठी गद्यात दुसरे माझ्या पाहण्यात नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्या शैलीवर पाच मिनिटे बोललो. त्यात काय लिहिले आहे याचा विचार करायला हवा होता, तो केला नाही.

राजकोटचा तेवढ्याच लांबीचा, सहा फुटी नवा लेथ करासकट सव्वादोन लाखांना पडत होता. जुन्याला एक लाख वीस हजारांच्या वर एक पैसाही द्यायचा नाही, असे आम्ही तिघांनी चहा पिता पिता ठरवले. मेहुण्याजवळ पन्नास हजार होते. बाकीच्यांचे काय, असा प्रश्न निघण्यापूर्वीच आमची सौभाग्यवती आत गेली आणि कपाटातल्या पाटल्या आणून तिने त्याच्यापुढे ठेवल्या. त्या तिच्या आईच्या. 'सावकारी पाश' हा चित्रपट बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ज्या गावात काढला, त्याच गावात मी आणि माझा मेहुणा पाटल्या घेऊन सोनेतारणासाठी बँकेच्या पायऱ्या चढलो. पाटल्यांवर हिशेबापेक्षा बरेच जास्त कर्ज मिळत होते. 'असू देत हाताशी,' असे म्हणून आम्ही ते सगळे घेतले. पहिली चूक ती.

माल पाहण्याच्या दिवशी कारखान्याची वीज तोडलेली होती, त्यामुळे लेथ चालवून पाहता आला नाही. रंग मात्र हिरवागार, तकतकीत. मेहुण्याने चक हाताने फिरवला, बेडवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "दाजी, एक नंबर हाय!" मीही बेडवरून बोट फिरवले. बोटाला तेल लागले, एवढेच मला कळले.

लिलावाच्या दिवशी मांडव होता, खुर्च्या होत्या, चहा होता. 'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. पाव, बटाटा आणि चावीही त्यांनीच दिली. त्या तिघांविषयी माझी तक्रार नाही. आमच्या लेथची बोली चाळीस हजारांपासून सुरू झाली. भंगारवाले साठ हजारांवर थांबले आणि निवांत चहा प्यायला लागले. ते लोखंडाच्या वजनावर भाव करतात, आणि वजन कोणी कितीही ओरडले तरी वाढत नाही. लाखापर्यंत आणखी पाचसहा जण गळले. एक लाख वीस हजारांवर मांडवात दोघेच उरले: आमचा मेहुणा, आणि मागच्या रांगेतले पांढऱ्या टोपीचे एक वृद्ध मिस्त्री.

मी मेहुण्याचा सदरा ओढला. तो माझ्या कानाशी लागला. "दाजी, त्यो म्हातारा सोडंना झालाय. त्यानं उभा जन्म लेथवर काढलाय बगा. त्यो चढवतोय म्हंजे माल आतनं चांगलाच असणार!"

त्या घटकेला हा युक्तिवाद मला अगदी बिनतोड वाटला. आणि प्रत्येक वेळी प्रश्न फक्त दोन हजारांचा होता. एक लाख बावीस हजार असा आकडा तिथे कोणाला दिसतच नाही. दिसतात ते वरचे दोन हजार आणि मागच्या रांगेतली पांढरी टोपी. दीड लाखावर मेहुणा थांबला. कपाळावर घाम. त्याने माझ्याकडे पाहिले. खरे सांगतो, तो सुटकेची वाट पाहत होता. मी नुसती मान हलवली असती तर पुष्कळ झाले असते. पण चारचौघांच्या नजरा आमच्यावर होत्या, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "आता एवढ्यासाठी सोडतोस होय?"

एक लाख शहाऐंशी हजार. एकवार, दोनवार, तीनवार! खासबागेत कुस्ती मारल्यासारखे आम्ही उभे राहिलो. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मग हिशेब सुरू झाला. बोलीवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे तेहतीस हजार चारशे ऐंशी. क्रेन, ट्रक आणि हमाली मिळून साडेपंधरा हजार. लेथ गाळ्यात उभा राहीपर्यंत दोन लाख चौतीस हजार नऊशे ऐंशी रुपये झाले. राजकोटचा नवा लेथ तेवढ्यात येऊन वर पेढे वाटता आले असते. हा आकडा मी घरी तीन हप्त्यांत सांगितला.

चौथ्या दिवशी गाळ्याच्या दारात पांढरी टोपी दिसली. ते वृद्ध मिस्त्री मुद्दाम लेथ पाहायला आले होते. त्यांनी काही विचारले नाही. लेथचे सॅडल चकाजवळ आणून मागेपुढे सरकवले. लोण्यासारखे सरकले. मग ते दुसऱ्या टोकाला, टेलस्टॉककडे नेले. तिकडे ते अडकून बसले, जागचे हलेना.

"मास्तर," ते मला म्हणाले, "बारकी कामं समदी चकाजवळ हुत्यात. बेड झिजतो त्यो तितंच. मग कुनीतरी तितल्या मापानं पट्टी आवळतो आनि झीज झाकतो. पर हिकडचा बेड न झिजलेला, तितं ते आवळून बसतं. रंग नवा हाय, बेड न्हाई."

मेहुण्याचा चेहरा पाहवेना. तो एवढेच म्हणाला, "मग काका, तुम्ही एवढी बोली का चढवली?"

"तुमी चढवताय म्हनून की! म्हटलं, तरणा टर्नर हाय, संगं शिकलेला मानूस हाय, कायतरी बघूनच बोलत असत्याल."

शिकलेला माणूस म्हणजे मी.

कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत दुसऱ्या कोणाची तरी म्हणून सांगितली. अर्थशास्त्राचे सहकारी हसले. त्यांच्या शास्त्रात या दुखण्याला नाव आहे म्हणे: विजेत्याचा शाप. १९७१ साली कॅपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा अमेरिकन तेल-अभियंत्यांनी त्यावर एक निबंध लिहिला. (तिन्ही नावे 'क'वरून, अनुप्रास पहावा तर असा.) मेक्सिकोच्या आखातात समुद्राखालच्या तेलाचे पट्टे लिलावाने घेऊन कंपन्यांच्या हाती अपेक्षेइतके काही का लागत नाही, हा त्यांचा प्रश्न. खाली तेल किती आहे ते कोणालाच नेमके ठाऊक नसते. प्रत्येकजण अंदाज बांधतो. कोणाचा कमी, कोणाचा जास्त, आणि सगळ्यांची सरासरी बहुधा सत्याच्या जवळपास. पण पट्टा सरासरीवाल्याला मिळत नाही. तो मिळतो ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला त्याला. म्हणजे जिंकणे हाच पुष्कळदा आपण चुकल्याचा पुरावा! बोली लावणारे जितके जास्त, तितका हात आखडता घ्यावा, असे त्या तिघांचे म्हणणे. आम्ही नेमके उलटे केले होते. समोरच्याची बोली हेच आम्ही मालाचे प्रमाणपत्र मानले, आणि समोरचा आमच्या बोलीला प्रमाणपत्र मानून बसला होता. लेथ कोणीच पाहत नव्हते.

इतिहासाच्या सहकाऱ्यांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांनी रोमचे साम्राज्य काढले. इ. स. १९३ मध्ये सम्राटाच्या अंगरक्षक सैनिकांनी पर्टिनॅक्सला ठार केले आणि छावणीच्या भिंतीवरून सिंहासनच लिलावात काढले. एकीकडे मेलेल्या सम्राटाचा सासरा, दुसरीकडे डिडियस ज्युलिएनस नावाचा धनिक. सासऱ्याने सैनिकामागे वीस हजार सेस्टर्स म्हटले, ज्युलिएनसने पंचवीस हजार. माल त्याला मिळाला, जसा होता, जेथे होता. सहासष्ट दिवसांनी तोही मारला गेला. हे ऐकून मला जरा हलके वाटले. आमच्या व्यवहारात पाटल्याच गेल्या होत्या, मुंडकी जागेवर होती.

मेहुण्याला मात्र जुन्या वस्तूचा वीट आला नाही, आणि त्याचे बरोबर आहे. कोल्हापुरात जन्मून जुन्या यंत्राला नावे कशी ठेवावीत? खरी कॉर्नरवरून जाताना तो कॅमेऱ्याच्या स्तंभाकडे बोट दाखवतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, त्यावर खेळ दाखवता दाखवता चित्रपटाची विद्या शिकली. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे १९१८ मध्ये बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून स्वतःचा कॅमेरा घडवला. १९२० सालची 'सैरंध्री' त्यातून उभी राहिली. "त्यांनी यंत्राच्या पोटात बघितलं, दाजी," मेहुणा म्हणतो, "आनि आपण बघितली मान्सांची तोंडं."

शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत गुळाचा व्यापार वाढला. गुळाच्या सौद्यातही बोली चढते. पण तिथे व्यापारी गुळाचा खडा तोंडात टाकून पाहतो, आणि आज सौदा हुकला तर उद्या आहेच. लेथचा खडा तोंडात टाकता येत नाही, आणि असा लिलाव पुन्हा निघणार नाही, अशी भीती आपलीच आपल्याला घातलेली असते.

पांढऱ्या टोपीचे मिस्त्री पुढे रोज संध्याकाळी गाळ्यात येऊ लागले. दोघांनी मिळून हाताने घासून बेड सपाटीला आणला. त्याला अडीच महिने लागले. मजुरीचे नाव काढताच मिस्त्री रागावले. "निम्मी चूक माझी हाय," म्हणाले. लेथ आता चालतो. बरा चालतो. पाटल्या सुटायला मात्र त्यानंतर एक वर्ष आणि चार महिने गेले.

यंदाच्या श्रावणात पुन्हा एक जाहिरात आली, ड्रिल मशीनची. स्वयंपाकघरातली भांडी वाजली आणि मग एकदम शांत झाली. "मीही येते," सौभाग्यवती म्हणाली. या खेपेला मिस्त्रींनी आदल्या दिवशी मशीन उघडून पाहिले, किंमत कागदावर लिहून दिली, आणि ती चिठ्ठी व पैसे दोन्ही तिच्या पर्समध्ये गेले. चिठ्ठीवर आकडा होता अठ्ठावीस हजार.

बोली अठ्ठावीस हजारांवर आली आणि ती आमची होती. समोरून आवाज आला, "अठ्ठावीस पाचशे." मेहुण्याचा हात अर्धा वर गेला. मी तोंड उघडणार, इतक्यात ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चला, वाटेत भाजी घ्यायची आहे."

मेहुणा वाटभर बोलला नाही. "पाचशे रुपयांसाठी, आक्का!" एवढेच तो एकदा पुटपुटला. तिने मेथीच्या दोन जुड्या माझ्या हातात दिल्या, हातातल्या पाटल्या मागे सारल्या आणि रस्ता ओलांडला.