टिकाऊ वस्तू कोणाला नको आहेत?

स्वित्झर्लंडमधील विली स्टुडर यांच्या कारखान्याने १९६७ साली ‘रेवॉक्स ए-७७’ हा मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर बाजारात आणला. १९७७ साली त्याची जागा पुढच्या नमुन्याने घेतली. त्यालाही आता अर्धशतक होत आले. तरीही ही यंत्रे आज वापरात आहेत. उलट, काल-परवा घेतलेला मोबाईल फोन दोन-चार वर्षांत निकालात निघतो आणि आपण त्याला ‘प्रगती’ म्हणतो. या विसंगतीचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने झाला पाहिजे.

जुन्या काळची माणसे प्रामाणिक होती, म्हणून वस्तू टिकत, हे उत्तर भाबडे आहे. ए-७७ टिकला तो त्याच्या रचनेमुळे. सांगाडा ओतीव धातूचा. दोन चकत्यांना दोन आणि फीत ओढण्यास तिसरी, अशा तीन स्वतंत्र मोटारी. त्यामुळे फीत ओढण्यासाठी झिजणारे रबरी पट्टे नाहीत. विद्युतमंडलाच्या पट्ट्या खोबणीतून उपसून काढता येतात. दुरुस्तीच्या पुस्तिकेत संपूर्ण आराखडा छापलेला. त्यातील कपॅसिटर कालांतराने निकामी होतात हे खरे. पण तो किरकोळ किंमतीचा भाग कोणताही कुशल कारागीर झाळून बदलू शकतो. यंत्र बिघडणार हे गृहीत धरूनच ते बनविले होते. टिकाऊपणाचे मर्म हेच.

यावर पहिला आक्षेप असा की, हे यंत्र महाग होते. ती श्रीमंतांची चैन होती. मान्य. धातूचा सांगाडा आणि तीन मोटारी यांना पैसा पडतो. परंतु आराखडा छापण्यास किंवा डिंकाऐवजी स्क्रू वापरण्यास असा कितीसा खर्च येतो? तेथे आड येतो तो खर्च नव्हे, नफा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो आपल्या कामगार मित्रांकडूनही येतो. वस्तू टिकल्या तर कारखाने चालणार कसे? वस्तुतः दुरुस्ती हेही श्रमच आहेत. त्यांना भांडवल थोडे व कौशल्य फार लागते आणि ते गावोगावी विखुरलेले असतात. वस्तू फेकण्याजोगी झाली की पहिला बळी जातो तो कोपऱ्यावरच्या कारागिराचा. मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नव्या वस्तूची विक्री पुरी धरली जाते. जुनी वस्तू आणखी दहा वर्षे देत राहिलेली सेवा कोठेच दिसत नाही. हा हिशेब निष्पक्ष नव्हे.

अल्पायुषी वस्तू हा तंत्रज्ञानाचा अटळ परिणाम आहे, असे सांगणाऱ्यांनी १९२४ सालचा फीबस करार आठवावा. जगातील बड्या बल्ब-उत्पादकांनी जिनिव्हात संगनमत करून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि जास्त टिकणारा बल्ब बनविणाऱ्या सभासदाला दंड ठेवला. तेथे विज्ञान कमी पडले नव्हते. मक्तेदारी पुरून उरली होती.

युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली समिती नेमली, संकेतस्थळ उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग, आराखडे आणि हत्यारे स्वतंत्र कारागिराला वाजवी दरात देण्याचे बंधन उत्पादकावर हवे. विक्रीनंतर किती वर्षे, हेही कायद्याने ठरले पाहिजे.

ही मागणी केवळ ग्राहकाची नव्हे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार ज्याला नाही, तो तिचा मालक नसून भाडेकरू आहे. शेतकऱ्याचा पंप, शिंपिणीचे यंत्र, विद्यार्थ्याचा फोन या सर्वांना हा प्रश्न एकत्र बांधतो. कार्यकर्त्यांनी तो आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला पाहिजे आणि पहिली सभा दुरुस्ती-कारागिरांच्या गल्लीत भरविली पाहिजे.