जर्मन पाहुणी आणि आपलीं मुलें

परदेशांतील राजवाडे, कारखाने व रणसंग्राम यांची माहिती पुस्तकांतून पुष्कळ मिळते; परंतु तेथील सोळा वर्षांचा मुलगा सकाळीं किती वाजतां उठतो, शाळा सुटल्यावर कोठें जातो व रात्रीं आईबापांशीं काय बोलतो, हें पुस्तकें सहसा सांगत नाहींत. तें जाणण्याचा उत्तम मार्ग एकच. तेथील मुलानें येऊन आपल्या सोप्यांत बसावें आणि आपण त्याला विचारावें! असा योग आमच्या परिचयाच्या एका कोल्हापुरी कुटुंबास नुकताच लाभला. विद्यार्थ्यांची अदलाबदल करणाऱ्या एका योजनेंतून जर्मनीची एक सोळा वर्षांची मुलगी त्यांच्या घरीं कांहीं महिने राहावयास आली होती.

प्रथम प्रथम घरांतील सर्वांस तिचें नवल वाटे व तिला सर्वांचें. पहिल्याच रविवारीं तांबडा रस्सा पुढें आला तेव्हां तिचे डोळे पाण्यानें भरले. ते रस्सा चाखण्यापूर्वींच भरले कीं नंतर, याविषयीं त्या घरांत अद्याप मतभेद आहे. पुढें ओळख वाढली. ती घरच्या बाईंना 'काकू' म्हणूं लागली. आणि रोज रात्रीं जेवणें झाल्यावर तिच्या गांवच्या गोष्टी निघूं लागल्या. त्या गोष्टींतून जें निष्पन्न झालें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तिची शाळा सकाळीं आठाच्या सुमारास भरते. उठल्यावर न्याहारी ती आपली आपण करून घेते. पाव, लोणी व एखादें सफरचंद असा डबाही स्वतःच भरते. गणवेष नाहीं. सायकलवरून किंवा सार्वजनिक बसनें ती एकटीच शाळेस जाते. गुण एक ते सहा असे मिळतात व त्यांत 'एक' हा सर्वांत श्रेष्ठ! हें ऐकून घरच्या धाकट्या मुलानें, "मग मी जर्मनींत पहिला आलों असतों," असा शेरा दिला. पुष्कळ दिवशीं दुपारींच सुटी होते. मात्र अलीकडे दिवसभर चालणाऱ्या शाळाही तेथें वाढल्या आहेत. खेळ मुख्यतः शाळेंत नसून गांवच्या क्रीडामंडळांत चालतात व तेथें आजोबा आणि नातू एकाच मंडळाचे सभासद असतात. सायंकाळचें जेवण म्हणजे बहुधा पाव आणि चीज. चूल पेटत नाहीं. भांडीं यंत्रांतून काढून लावणें आणि घरांतला कचरा निरनिराळ्या पेट्यांत वेगळा करून टाकणें, हीं कामें मुलांकडे असतात, मग तो मुलगा असो वा मुलगी.

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली व तिनें मात्र घरांत खळबळ उडाली. दर शनिवारीं सकाळीं ती घरोघर जाहिरातींचीं पत्रकें वांटते व त्याचे तिला पैसे मिळतात. तेथील कायद्यानें तेरा वर्षांवरील मुलांना पालकांच्या संमतीनें दिवसाला दोन तासांपर्यंत असें हलकें काम करण्याची मोकळीक आहे. आजींनीं कळवळून विचारलें, "पोरी, तुझ्या आईबापांची इतकीही ऐपत नाहीं का गं?" ती हंसून म्हणाली, "ऐपत आहे, आजी. पण ते पैसे त्यांचे, हे माझे."

मग तिनें उलट प्रश्न केला. घरचा मोठा मुलगा दहावींत होता. "तूं शाळा सुटल्यावर काय करतोस?" "क्लासला जातों." "आणि क्लास सुटल्यावर?" "क्लासचा अभ्यास करतों." "आणि रविवारीं?" "रविवारीं क्लासची परीक्षा असते." यावर ती कांहीं वेळ गप्प राहिली व म्हणाली, "मग तुझा स्वतःचा वेळ कोणता?" या प्रश्नाला त्या रात्रीं त्या घरांत कोणीही उत्तर दिलें नाहीं. वाचकहो, आपल्या घरांत तरी आहे काय?

माझें म्हणणें असें नाहीं कीं जर्मनांचें सर्वच अनुकरण करावें. परक्याची टोपी आपल्या डोक्यावर बसेलच असें नाहीं. परंतु या पाहुणीच्या बोलण्यांत तीन गोष्टी अशा आहेत कीं त्यांचा विचार आपण केलाच पाहिजे.

पहिली गोष्ट विश्वासाची. आपण आपल्या मुलांवर प्रेम अपार करतों, परंतु विश्वास थोडा टाकतों. परीक्षेच्या वर्षांत मुलाला पाण्याचा पेलाही आपण हातांत नेऊन देतों, आणि त्यालाच वात्सल्य समजतों. मुलीकडून मात्र स्वयंपाकाची अपेक्षा सुटत नाहीं, हा आणखी अन्याय. जो मुलगा सोळाव्या वर्षीं स्वतःचा डबा भरत नाहीं, त्यानें एकविसाव्या वर्षीं स्वतःचें आयुष्य सांवरावें ही अपेक्षा कशी धरावी? यावर कोणी म्हणेल कीं, त्यांचा देश श्रीमंत, रस्ते सुरक्षित. आपल्याकडे मुलीला एकटी सायकलवर कशी पाठवावी? ही शंका खोटी नाहीं, आणि रस्ते सुरक्षित करण्याची जबाबदारी मुलांची नसून मोठ्यांची आहे. परंतु स्वतःचें ताट उचलण्यास रस्ता लागत नाहीं. आपलें अंथरूण आपण काढणें, बाजारहाट करून हिशेब देणें, आजारी आजोबांना औषध वेळेवर देणें, यांस श्रीमंती कोठें लागते?

दुसरी गोष्ट मोकळ्या वेळाची. जर्मन क्रीडामंडळाचें वर्णन ऐकून मला तरी परकें असें कांहीं वाटलें नाहीं. कारण पेठापेठांतून तालमी असलेलें हें कोल्हापूर आहे. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे. तेथें लहान-थोर एकत्र येत, वस्ताद शिस्त लावी, आणि पेठेचा फुटबॉल संघ मैदानांत उतरला म्हणजे सारी पेठ मागें उभी राही. ती हौस आजही आहे. परंतु खेळण्याच्या वयाचा मुलगा त्या वेळीं शिकवणीच्या बाकावर असतो. शिकवणीला माझा सर्वस्वीं विरोध नाहीं. ज्याला एखादा विषय जड जातो त्याला मदत मिळालीच पाहिजे. परंतु शाळेचे तास, शिकवणीचे तास आणि त्या दोहोंचा गृहपाठ एवढ्यांत ज्याचा दिवस संपतो, त्याला स्वतःची आवड कोणती हें कळावयाचें केव्हां? आणि आवड न कळतां शाखा निवडावयाची कशी?

तिसरी गोष्ट हाताच्या कामाच्या प्रतिष्ठेची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. या मुलीचा थोरला भाऊ यंत्रकारागिराचें शिक्षण घेत आहे. आठवड्यांतून एक-दोन दिवस तो व्यवसायशाळेंत जातो व उरलेले दिवस कारखान्यांत प्रत्यक्ष काम शिकतो. त्याबद्दल त्याला वेतनही मिळतें. अशीं शिक्षणें दोन ते साडेतीन वर्षांचीं असतात व सुमारें सव्वातीनशें व्यवसायांत तीं मिळतात. या पद्धतीला १९६९ सालीं तेथें देशभर लागू होणाऱ्या कायद्याचा आधार मिळाला. पुढें अनुभव व परीक्षा यांच्या जोरावर कारागीर 'माइस्टर' होतो. म्हणजे आपल्या भाषेंत वस्ताद. भावाविषयीं सांगतांना तिच्या स्वरांत यत्किंचितही कमीपणा नव्हता.

आतां आपल्याकडे पाहा. उद्यमनगरांतील ओतकाम व यंत्रकाम यांवर या शहरांतील सहस्रावधि कुटुंबें जगलीं. बाबूराव पेंटर यांनीं याच गांवीं आपल्या हातांनीं चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला व १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. त्यांची पदवी कोणीं विचारली? आपल्या देशांतही १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. महाराष्ट्र शासनानें तर २०२४ सालीं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करारही केला. म्हणजे ज्या कसबी हातांना आपण घरांत कमी लेखतों, त्यांचीच मागणी सातासमुद्रांपलीकडून येत आहे! असें असतां 'मुलगा आय. टी. आय. ला गेला' हें वाक्य आपण अजून खालच्या आवाजांत कां उच्चारतों? ज्याला यंत्राची गोडी आहे त्याला लोकलाजेस्तव दुसऱ्या शाखेंत ढकलणें आणि दोन वर्षांनीं त्याच्या अपयशाबद्दल त्यालाच बोल लावणें, हें पालकत्व नव्हे.

तथापि न्यायानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मनींत बहुतेक राज्यांत चौथ्या इयत्तेनंतरच, म्हणजे सुमारें दहाव्या वर्षीं, मुलांची निरनिराळ्या शाळांत विभागणी होते. बर्लिन व ब्रांडेनबुर्ग येथें ती सहावीनंतर होते. पुढें मार्ग बदलतां येतो, परंतु तें सोपें नसतें. आंतरराष्ट्रीय शालेय चांचणीचे निकाल २००१ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां त्या देशांत मुलाचें यश आईबापांच्या परिस्थितीशीं फारच बांधलेलें आहे असें दिसून येऊन तेथें मोठी खळबळ झाली. दहा वर्षांच्या पोराचें भवितव्य ठरविण्याची घाई आपल्याला नको. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून या नगरींत वसतिगृहें उभीं केलीं व १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तें जन्मावरून मुलाची वाट ठरूं नये म्हणूनच. तसेंच सोळाव्या वर्षीं बिअर विकत घेण्याची मुभा देणारा तेथील कायदाही आपल्याला आदर्श वाटण्याचें कारण नाहीं. आणि आपली आजी दुसऱ्या गांवीं एकटी राहते हें सांगतांना ती मुलगी स्वतःच खिन्न झाली होती. इकडच्या आजींच्या मांडीवर डोकें ठेवून तिनें जें मिळविलें, तें तिच्या देशांत पैशानें मिळत नाहीं.

एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करतों. घरच्या मंडळींनीं तिला एके सायंकाळीं महावीर उद्यानांत नेलें. तेथें पोलिश निर्वासितांचा स्मारकस्तंभ आहे. १९३९ सालीं जर्मनी व रशिया यांनीं पोलंडवर आक्रमण केलें. पूर्व पोलंडमधील लक्षावधि लोकांना रशियनांनीं सैबेरिया व मध्य आशियाकडे हांकून दिलें. त्यांपैकीं सुमारें पांच हजार निर्वासित, मुख्यतः स्त्रिया व मुलें, १९४३ ते १९४८ पर्यंत आपल्या वळिवडे येथील छावणींत राहिले. तेथें त्यांच्या शाळा होत्या, बालवीरांचीं पथकें होतीं, नाटकें होत. म्हणजे युरोपांतील मुलांचें दैनंदिन जीवन आपल्या वाडवडिलांनीं पंचगंगेच्या खोऱ्यांतच पाहिलें होतें! हा इतिहास ऐकून ती मुलगी स्तंभापुढें बराच वेळ उभी राहिली. घरच्या मुलाला वाटलें, तिला हें आवडलें नसावें. त्यानें विषय बदलूं पाहिला. तेव्हां ती म्हणाली, "नको, सांग. आम्हांला शाळेंत हें शिकवितात. जुन्या छळछावण्या पाहावयासही नेतात. आमच्या लोकांनीं काय केलें, हें आम्हांला माहीत असलेंच पाहिजे."

मला वाटतें, तिच्या सर्व बोलण्यांत हें बोलणें मोलाचें. आपल्या घरचे व आपल्या देशाचे दोष मुलांपासून न लपवितां सांगणें, हाही विश्वासच होय. जो समाज मुलांच्या हातीं सत्य देतो, तो त्यांच्या हातीं कामही देऊं शकतो आणि वेळही देऊं शकतो.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुम्हीही कोणाच्या परदेशीं घरीं पाहुणे म्हणून जाल. तेथें कोणी विचारील, "तुमच्याकडे तुमच्या वयाचीं मुलें दिवसभर काय करतात?" त्या वेळीं सांगण्याजोगें कांहीं तुमच्यापाशीं असावें. आणि पालकहो, तें असावें अशी इच्छा असेल तर आज सायंकाळीं मुलाला गुण विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारा, "बाळ, आज तुझा स्वतःचा वेळ कोणता होता?" उत्तर आलें नाहीं तर रागावूं नका. तो तास त्याला आपणच परत द्यावयाचा आहे.