शिक्षकांना आमदार, मग शेतकऱ्यांना का नाही?



आपल्या बैठकांत हा प्रश्न हमखास निघतो. विधान परिषदेत शिक्षकांच्या ७ जागा, पदवीधरांच्या ७; कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याची एकही नाही. मागणी ऐकायला गोड आहे. पण हा प्रयोग आपल्याच मुलखात होऊन गेला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. शेजारी देऊळगाव राजाला, वऱ्हाडात, ठरावीक सारा भरणाऱ्याला १९२० पासून कौन्सिलसाठी मत होते. (वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच, म्हणून निवडून आलेल्यांना सरकारने पुन्हा नेमायचे असा तमाशा!) आपल्याकडे तेवढेही नव्हते. १९३७ साली निजामाने अय्यंगार समिती नेमली, जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यात मतदारसंघ गावा-तालुक्याचे नव्हते, धंद्याचे होते. जहागीरदारांचा वेगळा, वकिलांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा, मजुरांचा वेगळा. शेतकऱ्यांचेसुद्धा होते! तिथेही फाळणी केलीच: पट्टेदार एकीकडे, कुळे दुसरीकडे. वर हिंदू आणि मुसलमानांना सारख्या जागा, लोकसंख्या काही का असेना.

निवडणूक लांबत लांबत १९४६ वर गेली. स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला, आणि योग्यच केले असे आम्ही म्हणतो. मंत्री नेमणार निजाम, शेवटचा शब्द निजामाचा. घरातली ज्वारी सक्तीच्या लेव्हीत जात होती. शेतकऱ्याच्या नावाने आत बसलेला सभासद ती लेव्ही थांबवू शकत नव्हता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हे सगळे मतदारसंघ संपले. आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे.

१९५२ ला आपल्या भागात लोकसभेचा अंबड मतदारसंघ झाला. त्यात पट्टेदार, कूळ, सालदार, बाईमाणूस, सगळ्यांना एकेकच मत, आणि सगळ्यांची पेटी एकाच ठिकाणी. उमेदवाराला गावात यावे लागले.

शिक्षक थोडे, त्यांना वेगळा कोपरा लागतो. आपण इथल्या प्रत्येक मतदारसंघात बहुसंख्य आहोत. आपल्याला कोपरा दिला की बाकीचे आमदार मोकळे: कापसाच्या भावाचे विचारले तर त्या एकाकडे बोट दाखवतील.

तरीही येत्या बैठकीत कोणी हा ठराव मांडणार असेल, तर त्याने आधी एवढे सांगावे. मतदारयादी सातबारावरून करायची ना? मग बटईने शेती करणारा, आणि जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही ती निंदणारी-वेचणारी बाई, ही कोणत्या यादीत घालणार?