लाखाची आणि लाखेची गोष्ट

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे ते माझेच मित्र आहेत, माझ्यासारखेच इंजिनीअर आहेत आणि सगळ्यांचे पगार बरे आहेत. तोच तर प्रॉब्लेम आहे.

तर विषय टर्नटेबल. गेल्या काही वर्षांत लोअर परळच्या टॉवरांपासून दादरच्या टू-बीएचकेपर्यंत, टीव्हीशेजारी टर्नटेबल दिसायला लागलंय. पंधरा-वीस हजारांचं खेळणं असेल तर माझी काही तक्रार नाही. पण एक-दोन पायऱ्या वर गेलं की लाखांची भाषा सुरू होते. टर्नटेबल वेगळं, टोनआर्म वेगळा, कार्ट्रिज वेगळी, फोनो स्टेज वेगळा, आणि हे सगळं जोडणारी केबल, जिची किंमत ऐकून माझ्या आईने "सोन्याची आहे का रे?" असं विचारलं होतं. (राजा परांजप्यांच्या १९५२ च्या 'लाखाची गोष्ट'मध्ये नायकाला ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये उडवून दाखवायचे असतात. बिचाऱ्याला ऑडिओचा नाद असता तर दुपारपर्यंत सुटला असता.)

हौसेला मोल नसतं, मान्य. माझं भांडण आहे ते 'शुद्ध अॅनालॉग' नावाच्या सोवळ्याशी. डिजिटल म्हणजे विटाळ आणि रेकॉर्डवरचा आवाज म्हणजे साजूक तूप! अरे, आपण सिग्नल प्रोसेसिंग शिकलोय ना? निदान पास तरी झालोय. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खोबण सरकते, लेबलजवळ येईपर्यंत तेच वीस सेंटीमीटरच्या आसपास उरतं. म्हणजे शेवटचं गाणं पहिल्यापेक्षा कमी जागेत कोंबलेलं, आणि तिथे डिस्टॉर्शन वाढणारच. भूमिती आहे ती, कितीही पैसे ओता. चांगल्या एलपीवर सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साठ-सत्तर डेसिबल मिळतं. १९८२ साली आलेली सीडी कागदावर ९६ देते. आणि तो सुप्रसिद्ध 'उबदारपणा'? त्यातला बराचसा सुई, कार्ट्रिज आणि मास्टरिंगने चढवलेला रंग आहे. रंग मलाही आवडतो. फक्त त्याला शुद्ध म्हणू नका. (शिवाय खाली गल्लीत ढोल पथकाची प्रॅक्टिस चालू असताना तुम्ही त्यातले किती डेसिबल ऐकता, ते मी विचारतच नाही.)

'आमच्या कानांना कळतं' असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२२ ची गोष्ट आठवावी. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी म्हणजे ऑडिओफाइल लोकांची काशी. मूळ टेपवरून थेट कापलेल्या समजल्या जाणाऱ्या तिच्या महागड्या रेकॉर्डवर लोक जीव टाकायचे. त्या वर्षी उघड झालं की २०११ पासून त्यातल्या बऱ्याच रेकॉर्डच्या वाटेत डिजिटल फाइल होती. हे कोणाच्या कानाने पकडलं नाही. एका दुकानदाराने आतली खबर मिळाल्यावर व्हिडिओत सांगितलं, तेव्हा कळलं. तोपर्यंत जगभरचे 'सोनेरी कान' त्याच रेकॉर्डच्या शुद्धतेवर पानंच्या पानं लिहीत होते.

बरं, हे सगळंही मी सोडून दिलं असतं. खरा संताप वेगळाच आहे.

आपल्याकडे ज्या आवाजासाठी खरोखरच अॅनालॉग मशीनशिवाय गत्यंतर नाही, तो आहे ७८ च्या रेकॉर्डवर. म्हणजे लाखेच्या जुन्या रेकॉर्ड. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करणारी माणसं. मी एकदा एका डेमोला मुद्दाम अशी रेकॉर्ड घेऊन गेलो. मशीनच्या किमतीत माझी बाइक तीन वेळा आली असती. उत्तर मिळालं, "सर, यात ७८ नाही." फक्त ३३ आणि ४५! आणि हा एखाददुसरा अपवाद नाही, अनेक महागड्या टर्नटेबलची हीच कथा आहे. नुसता स्पीड असूनही भागत नाही. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन, ७८ ला लागतं ७० च्या आसपास. बारीक सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी कचऱ्यात खडखडत जाते.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या रेकॉर्डवर अवकाशात गेली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळत नव्हती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. व्हॉयेजर १ उडाल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. आणि नासाने त्या रेकॉर्डसोबत परग्रहवासीयांसाठी कार्ट्रिज, सुई आणि वाजवायची रीतही चित्रांत दिली आहे. त्यांची सोय झाली. लोअर परळचं काय?

हे आत्ता बोलायचं कारण रिडेव्हलपमेंट. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी रिकाम्या होतायत, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येतायत. माळे साफ होतायत. आमच्या काळाचौकीच्या चाळीत गेल्या वर्षी एका खोलीतून कपड्यात बांधलेला रेकॉर्डचा गठ्ठा निघाला. जिन्यावरून खाली येईपर्यंत निम्म्यांचे तुकडे, उरलेल्या डेब्रिजच्या गोणीत. लाख ठिसूळ असते, एकदा पडली की संपलं. त्यात एचएमव्हीच्या होत्या तशा 'यंग इंडिया'च्याही. ही १९३५ ची, आपल्या मुंबईची कंपनी, कारखाना इथेच वडाळ्याला! १९५५ च्या सुमाराला बंद पडली. बंद पडलेल्या कंपनीची रेकॉर्ड पुन्हा कोण काढणार?

"यूट्यूबवर सगळं आहे की." आहे ना. पण कसं? जुन्या ७८ सगळ्या ७८ नेच फिरायच्या असं नव्हतं. ७४ ने भरलेली रेकॉर्ड ७८ ने वाजवली की काळी एकमध्ये गाणारा माणूस जवळजवळ पांढरी दोनमध्ये जातो आणि तानही उगाच पळते. वर खरखर काढायच्या नादात आवाजातली धारही काढून टाकलेली. १९५४ ला आरआयएएचं इक्वलायझेशन येण्याआधी कंपन्यांची गणितंही वेगवेगळी होती. ही कामं करायला स्थिर आणि कमी-जास्त करता येईल असा स्पीड, नीट टोनआर्म, योग्य सुई आणि डोकं चालवणारा इंजिनीअर लागतो. यातली पहिली तीन पैशांनी मिळतात आणि चौथे तुम्ही आहात!

कायद्याचीही फारशी अडचण नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे आपल्या बहुतेक ७८ मोकळ्या झाल्यात. (गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे मोजतात, ते बघून घ्या.) आणि वाट दाखवणारी माणसं आहेत. टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० मध्ये मुंबईतच सुरू झाली, तेव्हा आपल्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते.

तेव्हा पुढच्या बोनसला केबल बदलण्याआधी ७८ वाजवणारं मशीन आणि एक जाड सुई घ्या, आणि आत्याच्या, मामाच्या, शेजारच्या काकूंच्या माळ्यावर एकदा चढून बघा. रेकॉर्ड सापडल्या तर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि प्लीज, स्पिरिटने पुसू नका. एलपीला चालतं म्हणून इथेही चालेल असं नाही, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.