विश्वामित्रीची वाट

आमच्या बडोद्यात विश्वामित्रीचा विषय निघाला की दोनच शब्द कानी पडतात : पूर आणि रिव्हरफ्रंट. ही नदी काठाने चालण्याची वा सायकलीवरून सोबत करण्याची आहे, हे कोणी बोलत नाही. आम्ही साठी उलटलेली काही मंडळी गेली कित्येक वर्षे हिवाळ्यात तेच करीत आलो आहोत. तेव्हा या वादात आम्हांसही दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो.

पावागडच्या डोंगरात उगम पावून ही नदी शहर ओलांडते, पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते आणि अखेर खंभातच्या आखाताकडे जाते. शहरापुरते पाहिले तर वेमालीपासून मारेठ्यापर्यंत तिचे वळणावळणांचे पात्र चोवीस-पंचवीस किलोमीटर भरते. सयाजीरावांनी १८७९ साली जी बाग उभारली ती या नदीला पाठमोरी ठेवून नव्हे, तर तिला पोटात घेऊन. बागेच्या पुलावर उभे राहिले की झाडी, पाणी आणि थंडीत उन्हाला पडलेली सुसर एकाच दृष्टिक्षेपात दिसते. बाहेरगावचा पाहुणा थक्क होतो. आपण मात्र नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

बागेपासून दक्षिणेस भीमनाथ, अकोटा, मुंजमहुडा आणि वडसर अशी नावे मागे पडत गेली की नदी हळूहळू शहराची राहत नाही. आमच्या बोलीत ज्यांना ‘कोतरे’ म्हणतात त्या घळी लागतात. बाभळी, बोरी, शेताच्या बांधावरची गाडीवाट, मध्येच एखादे देऊळ. सायकल कुठे चालवावी, कुठे हाती धरून न्यावी. वाट आहेच, नाही ती तिला वाट म्हणून मिळायची मान्यता. कुठे तिच्यावर राडारोडा पडतो, कुठे एका रात्रीत कुंपण उभे राहते, आणि कालची पायवाट आज कोणाच्या तरी ‘फार्म’मध्ये जाते.

यावर उपाय म्हणून आमचे विकासवादी मित्र अहमदाबादकडे बोट दाखवितात. साबरमतीचा तो काठ २०१२ पासून लोकांसाठी खुला झाला, तिथे संध्याकाळी माणसांची गर्दी असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथील पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून साठविलेले आहे, दोन्ही काठ सिमेंटच्या भिंतींत बांधलेले आहेत, आणि त्यासाठी काठावरच्या हजारो कुटुंबांना उठावे लागले. फरसबंदीवर येरझारा घालणे आणि नदीबरोबर गावाबाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय विश्वामित्रीत काही शे सुसरी आहेत. त्या मातीच्या काठात बिळे करतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथेच अंडी घालतात. भिंतीत सुसर बीळ कसे करणार? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली पर्यावरणीय मंजुरीवाचून काम करण्यास मनाई केली, त्यामागे असेच प्रश्न होते.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्यापैकी अनेकांच्या तळमजल्यात पाणी शिरले. त्यानंतर २०२५ साली पात्र रुंद व खोल करण्याचे मोठे काम झाले. पूर कोणालाच नको आहे. परंतु कोतरे बुजवून, ओढे दाबून ज्या जागा आपण बळकावल्या, त्या नदीने मागितल्या तर दोष नदीचा कसा? चालण्यासाठी राखलेला मातीचा पट्टा पुरात बुडाला तर कोणाचे काय बिघडते? पाणी ओसरले की वाट पुन्हा वाट होते. बुडाल्यावर आक्रोश होतो तो बांधकामाचा.

आक्षेप येतो, सुसर माणसावर धावेल. पाण्यात उतरणाऱ्याला, काठाशी धुणे धुणाऱ्याला धोका आहेच. म्हणूनच वाट पाण्यालगत नको, कोतरांच्या वरच्या कडेने हवी. अंधारात बंद हवी. वीणीच्या महिन्यांत बिळांजवळचा भाग वळवावा. दुसरा आक्षेप खर्चाचा. आम्ही शासकीय सेवेत आयुष्य घालविले आहे, खर्चाची अंदाजपत्रके कशी फुगतात ते आम्हांस कोणी शिकवू नये. मुरूम, चार दगडी खुणा आणि सावलीची झाडे यांना ‘सौंदर्यीकरणा’चा मोठा ठेका निघत नाही, बहुधा तीच या योजनेची खरी अडचण असावी.

गंमत अशी की आपल्यातलीच मंडळी चैत्रात उत्तरवाहिनी नर्मदेच्या परिक्रमेला तिलकवाड्याला जातात, टेंब्ये स्वामींच्या समाधीसाठी गरुडेश्वर गाठतात, अनवाणी चालतात. तीच मंडळी घरामागच्या नदीचा काठ पाहण्यास तयार नसतात. आणि तरुण सायकलस्वार? द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव. उरलेल्या रस्त्यांवर रविवारी पहाटे ट्रकांच्या कडेने जीव मुठीत धरून त्यांना जावे लागते.

आमची मागणी मोजकी आहे. नदीकाठची सरकारी जमीन कोणती, ते सर्व्हे क्रमांकांसह जाहीर व्हावे आणि जागेवर खुणेचे दगड बसवावेत. पहिला दगड सयाजीबागेच्या मागे आणि शेवटचा मारेठ्याच्या शिवेवर. मोजणीच्या दिवशी साखळी धरायला आम्ही येऊ.